ह्यांचा कागद आणि प्रज्ञाचा गोवर

मला एका जागी बसवत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या आईला वाटायचं लग्न झालं की ही शांत होईल. सासूबाईंना वाटलं मूल झालं की होईल. शाळेत मी उभ्यानं शिकवते, भाजी उभ्यानं निवडते, आणि हे लिहायला बसल्यापासून तीनदा उठून आले आहे. त्यातलं अर्धं स्वभावामुळे, आणि अर्धं जे लिहायचंय त्यामुळे.

माझी मुलगी प्रज्ञा चार वर्षांची असताना तिला गोवर आला आणि त्यातून न्यूमोनिया झाला. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. त्यातले चार दिवस ती राहते की जाते हे डॉक्टरही सांगत नव्हते. आता ती दहा वर्षांची आहे आणि मला उलटून बोलते, तेव्हा शेवटाची काळजी करू नका. तेव्हा गोवराच्या लशीचं नावही आमच्या कॉलनीत कुणी ऐकलं नव्हतं. आता मिळते, ती आधी टोचून घ्या. पण मी लिहितेय ते लशीसाठी नाही. मी एक चूक केली, ती दुसऱ्या कुठल्या आईनं करू नये म्हणून लिहितेय. चूक साधी होती आणि मी ती मोठ्या हुशारीनं केली.

*

सुरुवात प्रज्ञापासून झालीच नाही. ती झाली माझ्या थोरल्या दिरांपासून. ते इगतपुरीला रेल्वेत होते. बेचाळीस वर्षांचे. ड्यूटीवरून आले, चहा टाक म्हणाले, आणि चहा उकळेपर्यंत गेले. माणूस आजारी पडतो, झुरतो, मग जातो, एवढंच आम्हाला माहीत. हे असं उभ्या उभ्या जाणं आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

माझे मिस्टर ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. दिवसभर धातूचे भाग मापायचे आणि केसभर चुकला तरी बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. आकड्यावर त्यांचा फार विश्वास. भाऊ गेल्यावर त्यांनी स्वतःच्या रक्ताची तपासणी करून घेतली. कोलेस्टेरॉल दोनशे नव्वद निघालं. हा शब्द मी तोवर एकदाच, कुठल्याशा मासिकात वाचला होता. डॉक्टरांनी कागदावर पथ्य लिहून दिलं. तूप, लोणी, साय, अंडी, मटण, खोबरं, तळलेलं, सगळं बंद.

हे तो कागद घेऊन आले आणि पलंगावर बसून राहिले. अडतिसाव्या वर्षी त्यांचं तोंड म्हाताऱ्या माणसासारखं झालं होतं. मला त्यांची दया आली, आणि भीती तर इतकी वाटली की त्याच संध्याकाळी मी घरातली तुपाची बरणी शेजारी देऊन टाकली. कागद स्वयंपाकघराच्या भिंतीला खळीनं चिकटवला. फोडणीला चमच्याऐवजी थेंब आले. दूध तापवून तीन वेळा साय काढायची आणि उरलेलं निळसर पाणी कपात ओतायचं.

ह्यांच्या कपात आणि प्रज्ञाच्याही. इथंच माझी हुशारी. एका घरात दोन स्वयंपाक कोण करणार, आणि जे बापाला वाईट ते लेकीला चांगलं कसं असेल, असा माझा हिशेब. उलट लहानपणापासून सवय लागली तर पुढे त्रासच नको. शाळेत बाकीच्या बाईंना मी हे ऐकवायचे. कॉलनीतल्या बायकांपुढे टेंभा मिरवायचे. सहा महिन्यांनी ह्यांचा आकडा दोनशे पन्नासवर आला तेव्हा तर मी हवेतच होते. प्रज्ञा बारीक दिसायची. मी म्हणायचे, काटक आहे.

*

गोवर आला तो द्राक्षांच्या दिवसांत. कॉलनीत चार-पाच मुलांना आधीच येऊन गेला होता. प्रज्ञाला आधी सर्दी, डोळे लाल, ताप. चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उठलं आणि संध्याकाळपर्यंत पोटावर उतरलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले गोवर आहे, आपोआप जाईल, पाणी पाजत राहा.

निरोप गेल्यावर माझ्या सासूबाई वणीजवळच्या गावाहून एसटीनं आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. पिशवीत कडुलिंबाचा पाला होता. आमच्या घरात देव नाहीत. सासऱ्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा देव्हारा उतरवला, आणि घरातले टाक आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले. पण चप्पल काढता काढता त्या मला म्हणाल्या, "चुलीवर फोडणी दिली का गं आज?"

"दिली की."

"आता नाय द्यायची. गोवर उतरंस्तोवर फोडणी नाय, तळण नाय, पोरीच्या अंगाला तेलाचं बोट नाय."

"आत्याबाई, तुम्ही तर देवी मानत नाही ना आता?"

"देवीचं कोण बोलतंय? पोरीला त्यो धूर सोसत नाय, म्हणून म्हणते."

एरवी मी वाद घातला असता. आमचं दोघींचं कधी म्हणजे कधी पटायचं नाही. मीठ किती घालावं यावरून सुद्धा दिवसभर अबोला. पण त्या दिवशी मला वाटलं, बरं झालं. त्यांचं जुनं पथ्य आणि माझा भिंतीवरचा कागद, दोन्ही एकच सांगताहेत. नऊ वर्षांत पहिल्यांदा सासू-सुनेचं एकमत झालं आणि ते झालं लेकराच्या तोंडचं काढून घेण्यावर. त्यावेळी हे कुठं कळत होतं. आम्ही दोघी त्या आठवड्यात एकमेकींशी फार गोड बोलत होतो.

आठ दिवस प्रज्ञाच्या पोटात काय गेलं ते मी आजही घडाघडा सांगते. तांदळाची पेज, कोरडी. मुगाचं पाणी. मनुका भिजवलेलं पाणी, गोवर बाहेर पडावा म्हणून. खडीसाखर. साय काढलेलं दूध दोन दिवस दिलं, तेही आत्याबाईंनी जड म्हणून बंद केलं. पुरळ काळपट पडलं, खपल्या निघायला लागल्या. गोवर उतरला म्हणून आम्ही कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली.

ताप मात्र उतरला नव्हता. आंघोळीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा सदरा बदलताना मला तिच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाताना दिसली. प्रत्येक श्वासाला. नाकपुड्या फुलत होत्या. मी "प्रज्ञा" म्हटलं तर तिनं डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. हे कारखान्याच्या बसला निघाले होते. मी अनवाणी रस्त्यापर्यंत धावत जाऊन त्यांना माघारी आणलं.

*

तिला आम्ही मुलांच्या दवाखान्यात नेलं, तिथं बाई डॉक्टर होत्या. माझ्याच वयाच्या, आवाज खणखणीत. त्यांनी छाती ऐकली, नखं पाहिली, दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. लगेच ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. दंडात शीर सापडेना म्हणून पायाला सुई टोचली. प्रज्ञा रडली नाही. मूल रडलं की आईला त्रास होतो म्हणतात. मूल रडत नाही तेव्हा काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

"वजन फार कमी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "घरी काय खाते ही?"

मला अजून लाज वाटते, पण मी अभिमानानं सांगितलं. आमच्याकडे कोलेस्टेरॉलचं पथ्य असतं, तूप-अंडी काही नाही, दूध साय काढून. मग गोवरातलं पथ्यही सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कोलेस्टेरॉल कुणाचं वाढलंय?"

"ह्यांचं."

"मग हिचं का बंद केलंत?"

मी म्हटलं, एकाच घरात दोन स्वयंपाक कोण करणार.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त रक्ताची आणखी एक नळी भरली. ह्यांना म्हणाल्या, "ही तपासणी इथं होत नाही. तुम्ही जिथं स्वतःची केलीत तिथं नेऊन द्या. हिच्या औषधात यानं काही बदल होणार नाही, पण मला बघायचंय." हे ती नळी खिशात ठेवून, वर हात दाबून, गोळे कॉलनीतल्या लॅबोरेटरीत सायकलवर गेले.

*

ते चार दिवस मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही, कारण मी ते एका जागेवरून पाहिलेच नाहीत. खाट ते खिडकी, खिडकी ते दार, दार ते जिना. मिनिटाला श्वास मोजा, असं सिस्टरनं सांगितलं होतं. मी मोजायचे. अडुसष्ट. परत मोजायचे, सत्तर. मग वाटायचं मी चुकले, परत मोजायचे. घड्याळ बघून बघून मला सगळ्याच गोष्टी मिनिटावर मोजायची सवय लागली.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातल्या आयामावशी म्हणाल्या, "बाई, तुमच्या फेऱ्यांनी बाकीची पोरं जागी होतात. बसवत नसंल तर हे घ्या." त्यांनी कापसाचं भेंडोळं माझ्या हातात दिलं आणि बोळे कसे करायचे ते दाखवलं. मी शेकडो बोळे केले. हाताला काम मिळालं तेव्हा कुठे मी तिच्या खाटेशी टेकले. अकरा दिवसांत माझ्यावर ज्यांनी उपकार केले त्यात मी त्या मावशींचं नाव डॉक्टरांच्या लगेच मागोमाग घेते.

त्याच दुपारी हे तपासणीचा कागद घेऊन आले. त्यांनी तो घडी करून मुठीत धरला होता. बराच वेळ देईनात.

"काय लिहिलंय?"

"काउंटरवरचा माणूस मला ओळखतो ना," हे म्हणाले. "त्यानं नुसतं आडनाव वाचलं. मला म्हणाला, वा साहेब, पथ्य चांगलंच मानवलं की. गेल्या वेळेपेक्षा कितीतरी खाली आलंय. अभिनंदन म्हणाला."

"मग?"

"मी थँक्यू म्हणालो."

प्रज्ञाचं कोलेस्टेरॉल शहात्तर होतं, तिच्या वयाला हवं त्याच्या निम्मं. हे वॉर्डाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, भावाच्या वेळीही नाही. मला त्यांना धरावंसं वाटलं नाही. मला राग आला होता. तुमच्याच त्या कागदानं, असं माझ्या ओठावर आलं होतं. ते मी गिळलं, कारण कागद त्यांनी फक्त आणला होता. चिकटवला मी.

*

डॉक्टर आल्या तेव्हा मी त्यांना दारातच गाठलं. "मॅडम, खरं सांगा. हे माझ्यामुळे झालं का?"

त्यांनी तपासणीचा कागद दोनदा वाचला. "ऐका. गोवर तुमच्यामुळे आलेला नाही. तो तुपातल्या मुलांनाही येतो. आणि एवढा मोठा ताप, एवढा जंतूंचा मारा झाला की हा आकडा आपोआप खाली जातो. आजारानं तो खाली गेला, की आधीच खाली होता म्हणून आजार इतका चढला, हे मला सांगता येणार नाही. गोवर यायच्या आधी हिचा आकडा किती होता?"

मी म्हटलं, ते कुणाला ठाऊक असणार.

"मग झालं तर. मलाही ठाऊक नाही. पण तापात शरीर साठवलेलं जाळतं आणि हिच्याकडे साठवलेलं फार थोडं होतं, एवढं मात्र मी डोळ्यांनी बघू शकते. तुमच्या मिस्टरांचं पथ्य चालू ठेवा, ते त्यांच्यासाठी बरोबर आहे. चार वर्षांचं मूल म्हणजे छोटा अडतीस वर्षांचा माणूस नव्हे."

नंतर त्यांनी सांगितलं की श्वास थोडा खाली आला की तोंडानं द्यायला सुरू करायचं. सायीसकट दूध, आणि पेजेत चमचाभर तूप.

ते आत्याबाईंनी ऐकलं.

*

पाचव्या दिवशी श्वास पन्नासवर आला. मी वाटीत पेज घेतली, शेजारणीनं माझीच बरणी ताजं तूप भरून परत आणून दिली होती त्यातलं तूप घातलं आणि चमचा उचलला. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"गोवरात तूप? पोरगी हातची घालवती का?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरनीला किती पोरं हायेत? म्या पाच लेकरांचा गोवर काढलाय ह्या हातांनी."

मी चार दिवस जागी होते, उपाशी होते, ही सबब मला पुरणार नाही हे मला माहीत आहे. मी म्हणाले, "आणि त्यातली वाचली किती?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. आत्याबाई म्हणाल्या, "तीन."

त्यांनी माझं मनगट सोडलं. पदर तोंडाशी धरून त्या बाहेर जिन्यावर जाऊन बसल्या. थोरले दीर, हे आणि एक नणंद, मला माहीत होती ती ही तीन. बाकी दोघांची नावंसुद्धा मी तोवर कधी विचारली नव्हती. मी प्रज्ञाच्या ओठांना चमचा लावला, तिनं अर्धा घेतला, अर्धा सांडला, आणि मला त्याचा आनंदही धड होईना.

संध्याकाळी मी जिन्यावर गेले. म्हटलं, "आत्याबाई, मी फार वाईट बोलले." त्या म्हणाल्या, "बोललीस ते खरं हाय. वाईट बी हाय." मग म्हणाल्या, "वाटी दे इकडं. निम्मं सांडती तू." त्या रात्रीपासून घरी जाईपर्यंत प्रज्ञाला प्रत्येक घास त्यांनीच भरवला. तूप घालताना मात्र दरवेळी त्या तोंड फिरवायच्या.

सहाव्या दिवशी ऑक्सिजन काढला. आठव्या दिवशी प्रज्ञा सलाईनच्या सुईकडे बघून भोकाड पसरून रडली आणि मी आणि सिस्टर दोघी हसलो. अकराव्या दिवशी ह्यांनी तिला खांद्यावर घेऊन रिक्षापर्यंत नेलं. तिचे पाय अगरबत्तीच्या काड्यांसारखे लटकत होते. अंग भरायला पुढे दोन पावसाळे गेले.

*

माझ्याकडे आता कुणी विचारायला आलं तर मी सांगते. मोठ्या माणसाचा कागद मोठ्या माणसाच्याच ताटाला लावा. गोवरात, कांजण्यांत, कावीळ झाली तर, काय द्यायचं ते मुलांच्या डॉक्टरांना विचारा, आणि आपण घरी काय देतोय ते न लाजता खरं खरं सांगा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांवर खेकसू नका. त्यांनी जे पाहिलंय ते आपण पाहिलेलं नसतं.

आणि एक. गोवर यायच्या आधी तिचा आकडा किती होता हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याला उत्तर नाही, हे मला कळतं. तरी वर्गात मुलं कविता म्हणत असतात आणि मी मधेच खिडकीशी जाऊन उभी राहते.

परवा शेजारच्या मुलीला गोवर आला. रात्री आम्ही जेवत होतो. प्रज्ञानं विचारलं, "मलाही आला होता ना? मला दवाखान्यात का नेलं होतं?"

आत्याबाई हल्ली आमच्याकडेच असतात. त्या म्हणाल्या, "म्या फोडणी बंद केली व्हती, दूध बंद केलं व्हतं, म्हनून."

हे म्हणाले, "नाही, माझ्या तपासणीमुळे सगळं झालं."

मी म्हणाले, "त्यांचं काही नाही गं. तुझं खाणं मी तोडलं होतं."

प्रज्ञा भाकरी मोडत ऐकत होती. म्हणाली, "मला दवाखाना आठवतच नाही. त्याच्या आधीचं आठवतं. मी सांगायचे, आई, भूक लागलीय."

आणि ती जेवायला लागली. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांनीही पाहिलं. दोघांनाही ते आठवत नव्हतं. मला आठवत होतं. ती सांगायची, रोज सांगायची, आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, आत्ताच तर जेवलीस.